बाबांच्या भुवयांवरची भुकटी

आमच्या घरी वरणालाही दगडाची चव होती.

भेडाघाटला धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दगडी वस्तूंची दुकानं लागतात. त्यांतल्या एका दुकानामागच्या शेडमध्ये बाबा खरादीवर, म्हणजे लेथवर, दगड फिरवून घडवायचे. मऊ, पांढरा दगड. त्याच्या डब्या व्हायच्या, दिवे व्हायचे, महादेवाच्या पिंडी व्हायच्या आणि उरलेलं सगळं भुकटी होऊन उडायचं. ती पत्र्यावर बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, झाकलेल्या भांड्यात कुठून शिरायची ते तिलाच माहीत. शेडला लागूनच आमची एक खोली होती. पावसाळा सोडला तर वर्षभर तिथलं सगळं पांढुरकं दिसायचं, धुक्यात ठेवल्यासारखं. आई भांडी घासायची ती भुकटीने, दारात रांगोळी काढायची तीही भुकटीचीच, कारण आम्हाला फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

मग ती भुकटी बाबांच्या छातीत साचली. मी तेव्हा पहिलीत होते आणि धाकटी बहीण आईच्या पोटात. बाबा गेल्यावर मालकाने खोली रिकामी करून मागितली आणि वर म्हणाला, भुकटीची पोती हवी असतील तर घेऊन जा. आईने ती नेली. महाराजपूरला मामाच्या घरामागे एक पडवी होती, तिथे आम्ही राहायला आलो. दिवाळीच्या आधी आई ती भुकटी चाळून, टोपलीत भरून, दारोदार रांगोळी म्हणून विकायची. बाकीचं वर्ष लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. म्हणजे बाबा गेल्यावरही काही काळ आम्ही बाबांच्याच दगडावर जगलो. हे मी लाजून सांगत नाही. लाजायचं काय त्यात?

त्या पोळ्यांवर मी बी.कॉम. झाले. आमचे आजोबा वर्धेकडून मजुरीला इकडे आले, तेव्हापासून आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. नंतर शहरात, सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली, मामाच्या पडवीतून आम्ही दोन खोल्यांत आलो, त्यातल्या एका खोलीत माझ्या पगारातून घेतलेला कॉम्प्युटर आला. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि पुसताना म्हणायची, "याले तरी दगडाची भुकटी नको खाऊ द्या."

एक गोष्ट मात्र आमच्या घरात नव्हती, ती म्हणजे बाबांचा चेहरा.

फोटो होता. पण त्यात बाबा नव्हते. धुआंधार धबधब्यापाशी तेव्हा गळ्यात कॅमेरे अडकवलेले फोटोग्राफर फिरायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढून द्यायचे. त्यांतला एक बाबांचा दोस्त होता. एका दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने बाबांना हाक मारली की चल, आज तुझ्या घरच्यांचा काढतो. बाबा खरादीवरून उठले तसेच आले. आई पुढे, तिचा हात धरून मी, मागे बाबा. बहीण पोटात, म्हणजे तसं पाहिलं तर घरातले सगळे. बटण दाबायला आणि वारा फिरायला एकच गाठ पडली. धबधब्याचे तुषार उडून मागे आले आणि फोटोत आई स्पष्ट, मी स्पष्ट, मागे एक उंच पांढरा आकार. त्यावर पुढे पडवीतल्या ओलीने बुरशीचे ठिपके धरले.

आईला तो भिंतीवर लावताही येईना. म्हणायची, "माझाच फोटो लावून त्याले हार घालू काय?"

मग तिने स्वतःची एक रीत काढली. सण असो, श्राद्ध असो, माझा निकाल असो, ती पाटावर चिमूटभर तांदूळ ठेवायची आणि त्यावर एक सुपारी. नमस्कार करा, बाबा आहेत. आम्ही करायचो. बहीण लहान असताना एकदा विचारती झाली की बाबा एवढेच होते का. मामा हसला, आई हसली नाही.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती सुपारी परत निघाली. मुलगा कटनीचा, घर बरं, माणसं बरी. मोठी बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं की मोठीला घाई नाही, तुम्ही जेवायला या. पाहुणे गेल्यावर आई कणीक मळत होती, मी कप धुवत होते आणि बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, बोहल्यावर जायच्या आधी मी सुपारीच्या पाया पडणार नाही. मला चेहरा पाहिजे."

आईचे हात परातीत थांबले. बहिणीने मागितलं ते आईलाही इतकी वर्षं हवं होतं, हे मला त्या थांबलेल्या हातांवरून समजलं. लग्न फाल्गुनात होतं.

मी फोटो घेऊन सदरमधल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या भैयाने तो दिव्याखाली धरला, उलटा केला, परत सुलटा केला आणि विचारलं, "दीदी, इसमें आदमी कहाँ है?" मी बोट ठेवलं. त्याने समजावलं की असे फोटो त्याच्याकडे येतात, त्याला उपाय आहे. एखाद्या काकाचा, आत्याचा, कोणाचाही मिळता चेहरा द्या, धड तयार आहे, कोट-टायसकट. भिंतीवर नमुने लावलेले होते. वेगवेगळ्या घरांतले वारलेले आजोबा, सगळे एकाच निळ्या कोटात.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नातबी उसना सदरा होता त्यायच्या अंगावर. कोट कुठला? आन दुसऱ्याच्या तोंडाले मी काहून नमस्कार करू?"

म्हणून मी ठरवलं की हे आपणच करायचं. दुसऱ्या वेळी त्याच स्टुडिओत गेले आणि फोटो फक्त स्कॅन करून मागितला. भैयाच्या टेबलाखाली एक जुना पेन टॅब्लेट पडून होता, वायरीला चिकटपट्टी, पृष्ठभागावर चरे. तो मी मागून घेतला. वायर गुंडाळून देताना तो म्हणाला, "माउस से चेहरा मत छूना, दीदी. चेहरा पेन से ही छूते हैं।" त्याचं हे एक वाक्य मला नंतर बघितलेल्या सगळ्या शिकवणी व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

टॅब्लेट म्हणजे एक काळी, सपाट पाटी. तिच्यावर पेन फिरवा, पाटीवर काहीच उमटत नाही. उमटतं ते समोर, स्क्रीनवर. हात खाली, रेघ वर. पहिले काही दिवस मला चक्कर आल्यासारखं व्हायचं. रेघ जिथे हवी तिथे जायची नाही, डोळा काढायला गेले तर कपाळावर निघायचा. बहीण मागून बघायची आणि म्हणायची, "बी.कॉम. करून ताई परत पाटी गिरवून राहिली." आईनेही त्याला पाटीच म्हणायला सुरुवात केली.

सराव मी मामाच्या फोटोवर केला. एका फटक्यात त्याची अर्धी मिशी गेली. मामा चहा पीत शेजारीच बसला होता. त्याने कप खाली ठेवला, मिशी चाचपून पाहिली आणि सांगितलं की लग्नात मला ही लागेल, परत लाव.

मग हळूहळू हाताला सवय झाली. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी पडदा ओढून बसायची. हिवाळ्याचं ऊन पडद्यातून पिवळं गाळून यायचं, बाहेर कोणीतरी उशा-गाद्या झोडपल्याचा आवाज, आई भिंतीला टेकून डुलक्या घेत असायची. मी मन लावून पेन फिरवायची आणि थोड्या वेळाने आपला हात आपल्याला दिसत नाही याचंही भान राहायचं नाही. वाटायचं, आपण त्या पांढऱ्यात चालत निघालो आहोत. शेड, पत्रा, दोरीवरचे कपडे. लहानपणी मी त्या धुळीत बोटाने चित्रं काढायची, खरादीच्या फळीवर, आणि बाबांनी परत दगड लावला की ती पुसली जायची. फळीवरचं चित्र कसलं असायचं ते आठवत नाही. बोटाला लागणारा तो मऊपणा आठवतो. पेनच्या टोकाखाली तसंच काहीतरी लागायचं.

उजेड-अंधार कमीजास्त करायची एक पट्टी असते. ती ओढली की फोटोतलं फिकं गडद होतं. मी बरेच दिवस ती घाबरत घाबरत, केसभर हलवत होते. एका रविवारी जरा धीर केला. बहीण माझ्या खुर्चीमागे उभी राहून चिंचा खात होती. पट्टी सरकत गेली तसं धुकं राखाडी झालं, राखाडीत आधी एक खांदा आला, मग कान, मग गालाची कड. फोटोत ते होते. इतकी वर्षं त्या तुषारांच्या मागे तसेच उभे होते, फक्त कोणी पडदा बाजूला केला नव्हता.

"थांब," बहीण म्हणाली. "इथेच थांबव."

तिने आयुष्यात पहिल्यांदा वडलांना बघितलं ते असं. खूप वेळ बघितलं. मग आपल्या कानाला हात लावून हळूच म्हणाली, "माझे कान यांचे आहेत."

आईला आम्ही उठवलं नाही. पूर्ण करून दाखवू म्हटलं.

तिथून पुढे काम माझ्या हातचं होतं. व्हिडिओंत सगळ्यात आधी सांगतात की जुन्या फोटोवरची धूळ आणि डाग काढा. मी काढले. बुरशीचे ठिपके गेले, तुषारांचे थेंब गेले. मग केसांमधले पांढरे कण, मिशीतले, भुवयांवरचे, सदऱ्याच्या खांद्यांवरचे. ते कण काय आहेत ते मला कळत नव्हतं असं कोणी समजू नये. मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी जास्त जोराने पुसत होते. या भुकटीने आमच्या घरातला माणूस नेला. तेव्हा मी पहिलीतली पोर, काही करू शकले नाही. आता पेन माझ्या हातात होता आणि एकेक कण मी त्यांच्या अंगावरून उचलून फेकत होते. बाबांचे केस काळेभोर झाले. कपाळ स्वच्छ झालं. मला फार बरं वाटलं.

छापून, चौकट लावून मी फोटो आईसमोर ठेवला. तिने पदराने काच पुसली. बघितला. "छान केला," म्हणाली, आणि भाजी चिरायला गेली.

मला वाटलं, भरून आलं असेल.

हळद कुटायचा दिवस आला. मामी आली, शेजारच्या बायका आल्या. मी फोटो पाटावर मांडला. आई आतून आली, तिने फोटोशेजारी चिमूटभर तांदूळ ठेवले आणि त्यावर सुपारी ठेवली. हात जोडले ते सुपारीकडे बघून. बहिणीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता आणि माझा त्याहून जास्त.

बायका गेल्यावर मी आईला विचारलं, काहून? फोटो असताना सुपारी काहून?

आईने फोटो मांडीवर घेतला. मला दुखावायचं नाही म्हणून शब्द शोधत होती. शेवटी म्हणाली, "हा माणूस चांगलाच दिसते. पण हा कधी माझ्या घरी जेवाले नाही बसला."

मग तिने सांगितलं. बाबा कामावरून आले की हातपाय धुवायचे, तोंड धुवायचे, गमछ्याने डोकं झटकायचे, तरी भुवयांमध्ये भुकटी राहायचीच. ताटावर बसले की आई पदराचं टोक पाण्यात बुडवून त्यांच्या भुवया पुसायची. रोज. मग ते जेवायचे. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडाकडे नीट, जवळून बघायची तिला मिळायची ती तेवढीच वेळ; बाकी आधी, ते होते तोवर, घरात सासू-सासरे असायचे, आणि शेडमध्ये मालक. भुकटी नसलेले बाबा तिने फार थोडे बघितले होते.

मला राग आला. मी म्हटलं, त्या भुकटीनेच नेलं त्यांना, ती कशाला जपायची.

"तिनं नेलं," आई म्हणाली. "मले माहीत नाही काय? पण तिच्यासंगं तू त्यायलेबी पुसून टाकलं, पोरी."

मी उठून कॉम्प्युटर सुरू केला.

आधीची प्रत मी ठेवलेली होती, जिच्यात पट्टी ओढून चेहरा वर आला होता आणि अजून काही पुसलं नव्हतं. ती उघडली. आईला शेजारी स्टूल दिलं. चेहरा स्क्रीनभर मोठा केला आणि एकेका ठिपक्यावर बाण नेऊन विचारत गेले. हे? "हे पाणी." मी पुसलं. हे? "हे मामाच्या पडवीतली ओल." पुसलं. हे? ती पुढे झुकायची, डोळे बारीक करायची. "हे राहू दे." मला सगळं एकच पांढरं दिसत होतं. तिला तीन दिसत होती.

डाव्या भुवईवर तुषार इतके दाट होते की खालचं काहीच निघालं नव्हतं. ती मी उजवीवरून अंदाजाने काढली, काळी, सरळ. आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिने हात पुढे केला. "दे इकडे ती पाटीची कांडी."

आईने आयुष्यात पेन धरला तो सही करण्यापुरता. हा पेन तिने तसा धरलाच नाही. चिमटीत धरला, टोक खाली लोंबतं ठेवून, रांगोळी धरतात तसा. टॅब्लेटच्या वर, बोटभर अंतरावर हात तरंगत ठेवला. अशा पेनचं एक असतं, न टेकवताही स्क्रीनवरचा बाण त्याच्यामागे हलतो. मला ते जमायला महिना गेला होता, हात खाली आणि रेघ वर. तिला नवल वाटलं नाही. रांगोळीही हवेतूनच सुटते, खाली पडेल तिथे पडते. मी तिला मऊ कणांचा ब्रश लावून दिला, पांढरा रंग दिला आणि म्हटलं, "आता टेकव, आई."

तिने टेकवलं. एक कण पडला. मग दुसरा, जरा खाली. भुवईच्या शेवटाकडे तिने हात हलका केला, तिथे विरळ पडले. खोलीत ऊन उतरत होतं, आणि आईचा हात त्या काळ्या पाटीवरून संथ फिरत होता, जसा सणाच्या सकाळी उंबऱ्यापुढे फिरायचा. स्क्रीनवर बाबांच्या भुवईवर कामाचा दिवस जमत गेला. बहीण कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. शेड जवळच कुठेतरी आहे आणि आतून खरादीचा घरघर आवाज येतो आहे, असं मला काही वेळ अगदी खरं वाटलं.

एके जागी भुकटी जास्त पडली. आईचा डावा हात आपोआप पदराचं टोक धरून स्क्रीनकडे गेला. मध्येच थांबला. ती हसली, मग आमच्याकडे न बघता तेच टोक तिने डोळ्यांना लावलं.

"जेवाले बसले आता," ती म्हणाली.

सदरच्या त्या भैयाकडेच मी छापायला दिला. तो बारकाईने बघून म्हणाला की काम तर बढिया झालं आहे, पण भुवयांवर डस्ट राहून गेली, दोन मिनिटांत साफ करून देतो. मी त्याला सांगितलं, "रहने दो भैया, वो डस्ट नहीं है।"

लग्नाच्या सकाळी फोटो पाटावर होता. आईने अक्षत लावली आणि हात जोडले, फोटोकडे बघून. बहीण बोहल्यावर जायच्या आधी वाकली, डोकं टेकवलं आणि उठताना तिचा हात कानाकडे गेला. मामाने सुपारी कुठे ठेवू म्हणून विचारलं, तर आई म्हणाली की विड्यात घाल, अजून कुठे ठेवतात सुपारी.

त्यानंतर आमच्या घरात सुपारी पाटावर बसली नाही. तो फोटो आता भिंतीवर आहे. मी पुढे आणखी फोटो दुरुस्त केले, ओळखीच्यांचे, हौसेने. पण पहिला हाच. भेडाघाटच्या खरादीवर काम करणाऱ्या आमच्या बाबांचा चेहरा त्यांच्या दोन्ही मुलींनी पाहिला, आणि त्यांच्या धाकटीचं लग्न त्यांच्यासमोर लागलं.